कोपऱ्यातली तीट

माझं सगळं आयुष्य चाळीस शब्दांत गेलं. म्हणजे एकेका वस्तूला चाळीस. त्याच्यावर एक शब्द गेला तर लेबलाची पट्टी चौकटीत बसायची नाही आणि छापणारा ती परत पाठवायचा. हैदराबादच्या एका संग्रहालयात, मानववंशशास्त्र विभागात, मी तेहतीस वर्षं लेबलं लिहिली. आता आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणतात, काकू, अनुभव लिहा, हवी तेवढी पानं घ्या. मला तर घामच फुटला. तेहतीस वर्षं शब्द कापायची सवय, आता वाढवायचे कसे?

आधी माझं काम काय होतं ते सांगते, कारण ते आमच्या घरातही कुणाला धड कळलं नव्हतं. नांदेडकडच्या माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत वाटायचं की सून दुकानांच्या पाट्या रंगवते. शेजारच्या बाई विचारायच्या, तुमच्याकडे डायनासोर आहे का. नाही, डायनासोर नव्हता. आमच्याकडे मडकी होती, टोपल्या होत्या, ढोल, माशांची जाळी, मुखवटे, दागिने, कपडे. माणसं कशी राहतात, काय घालतात, कशात शिजवतात, कोणाला नवस बोलतात, हे ज्या वस्तूंवरून समजतं त्या वस्तू गोळा करायच्या, जपायच्या आणि त्यांच्याबद्दल चाळीस शब्द लिहायचे. लेबलं मी इंग्रजीत लिहायची, तेलुगू आणि उर्दू दुसरे लोक करायचे. मराठीत एकही नव्हतं, म्हणून हे सगळं पहिल्यांदाच माझ्या भाषेत सांगते आहे.

आमची इमारत दोन मजली. वरच्या मजल्यावर कला आणि खाली आम्ही. वर एखाद्या चित्रकाराने कागदावर चार रेघोट्या ओढल्या असल्या तरी चित्राशेजारी त्याचं नाव, गाव, जन्मसाल. आमच्याकडे एखाद्या बाईने वर्षभर डोळे फोडून भरलेला घागरा असला तरी रजिस्टरात रकाना एकच: जमात. नावाचा रकानाच नाही. आमची लेबलं वाचून कुणाला वाटावं की खालच्या मजल्यावरच्या वस्तू अख्ख्या जमातीने गोल बसून, एकेक टाका घालून केल्या. मी नोकरीला लागले तेव्हा मला हे खटकलं होतं. मग पगार सुरू झाला आणि खटकायचं थांबलं.

वरच्या मजल्याने आमच्यावर एक उपकार मात्र केला होता. कपडे दाखवायला आम्हाला माणसाच्या उंचीचे पुतळे हवे होते, ते कला महाविद्यालयातल्या एका तरुण शिल्पकाराने करून दिले. त्याला चेहऱ्यासाठी समोर कुणीतरी बसायला हवं होतं आणि रोज तासभर बसायला एकच बाई तयार झाली, आमच्या कँटीनची सरोजम्मा. झालं! गोंड बाई सरोजम्मा, कोया बाई सरोजम्मा, लंबाडी बाईही सरोजम्मा. पुढे कितीतरी वर्षं लोक त्या चेहऱ्यांवरून जमातींची वैशिष्ट्यं वहीत उतरवून घ्यायचे आणि सरोजम्मा कोपऱ्यात उभी राहून तोंडाला पदर लावून हसायची.

येणारे लोकही एकेक नमुने. जुन्या शहरातले एक मिर्झासाहेब होते, त्यांनी वडिलांची पतंगाची चरखी संग्रहालयाला दिली होती. दर संक्रांतीच्या आधी ते येऊन मला विचारायचे की चरखी फिरवली का. वर्षातून एकदा फिरवली नाही तर मांजा कुजतो आणि चरखी रुसते, असं त्यांचं म्हणणं. नियम असा की काचेआडच्या वस्तूला उगीच हात लावायचा नाही. पण आमचा परिचर यादगिरी आणि मी दरवर्षी संक्रांतीला कपाट उघडून ती चरखी एकदा फिरवायचो. मिर्झासाहेब गेल्यावरसुद्धा फिरवत राहिलो. ही गोष्ट मी आजवर कुठल्याही साहेबाला सांगितलेली नाही.

पण मला लिहायचंय ते चुंबळीबद्दल.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आम्हाला जीप मिळाली आणि नळगोंड्याच्या बाजूच्या एका तांड्यावर मी वस्तू गोळा करायला गेले. तांडा लमाणांचा, इकडे त्यांना लंबाडी म्हणतात. बायका पाण्याला गेल्या होत्या. तांड्याचा नायक घरी होता, म्हातारा, मोठा अगत्याचा. त्याने आम्हाला चहा पाजला आणि पेटीतून एकेक कपडा काढून दाखवू लागला. त्यात ती चुंबळ निघाली. डोक्यावर घागर ठेवायला आपल्याकडे फडक्याची चुंबळ करतात, ती रोजची. ही सणावाराची. गोल कडं, आणि त्याला मागे पाठीवर रुळणारा हातभर पदर, लाल दोऱ्याने ठासून भरलेला, आरसे, कवड्या, लोकरीचे गोंडे. आणि डाव्या कोपऱ्यात, तळहाताएवढ्या जागेत, लालऐवजी हिरवा दोरा आणि टाके उलट्या बाजूला तिरपे. बाकी सगळ्या कपड्याचे टाके एका दिशेला, तेवढे विरुद्ध.

मी नायकाला विचारलं, हे असं का? तो म्हणाला, ऐसाइच है. कुणी केलं? म्हणाला, आमच्या बायकांनी. मी रजिस्टरात लिहिलं, जमात: लंबाडी. नायकाचा अंगठा घेतला, ठरलेली किंमत दिली आणि चुंबळ मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले. तांड्याच्या बाहेर पडताना विहिरीकडून डोक्यावर घागरी घेतलेल्या बायकांची रांग आली. वाट अरुंद होती. जीपला जागा द्यायला त्या सगळ्या बाजूला होऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना हात केला होता, हे मला चांगलं आठवतं.

परत येऊन लेबल लिहायला बसले आणि त्या कोपऱ्यापाशी अडले. हिरवा का, उलटा का? तेव्हा माझा मुलगा सहा महिन्यांचा होता. बरकतपुऱ्यात आमच्या घरी माझी आई त्याला सांभाळायची आणि रोज न्हाऊ-माखू घातल्यावर त्याच्या गालाला काजळाची तीट लावायची. घरी गेले, त्याला उचललं, गालावरचा काळा ठिपका पाहिला आणि मला वाटलं, सापडलं. इतकं सुंदर काम, त्याला दृष्ट लागू नये म्हणून बाईने मुद्दाम एक कोपरा बिघडवला असणार. दुसऱ्या दिवशी मी लिहिलं: "डाव्या कोपऱ्यातील हिरवे, उलट दिशेचे टाके हा दृष्ट लागू नये म्हणून कारागिराने मुद्दाम ठेवलेला दोष आहे." नुसतं 'असावा' लिहिलं असतं तरी निभावलं असतं. पण 'असावा' लिहायचं धाडस लागतं आणि तेव्हा ते माझ्यात नव्हतं.

ते लेबल गाजलं हो. गाइड लोक सगळ्या तुकड्या त्या काचेपुढे थांबवायचे. शाळेच्या बाई मुलांना सांगायच्या. कुठल्या कुठल्या व्याख्यानांत ते वाक्य गेलं. लोक मला विचारायचे, मॅडम, हे तुम्ही कसं शोधलंत? आणि मी नुसती हसायची. कुणी सांगितलं, असं मात्र एकानेही विचारलं नाही. आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षात निखिल आला. पुण्याचा मुलगा, इथे आयटीत नोकरी, आठवडाभर संगणक आणि शनिवार-रविवार शहराच्या भिंती रंगवायचा. मराठी बोलणारी बाई भेटली म्हणून त्याला आनंद झाला, मात्र माझं हैदराबादी मराठी ऐकून मधूनच ओठ दाबून हसायचा. त्याने चुंबळीचे फोटो काढले, लेबल वाचलं आणि म्हणाला, काकू, काय भारी कल्पना आहे ही. महिन्याभराने त्याने नामपल्लीच्या पुढच्या एका उड्डाणपुलाखालच्या भिंतीवर ती चुंबळ रंगवली, दोन मजले उंच. कोपऱ्यात हिरवा चौकोन आणि खाली माझं वाक्य. मी मुद्दाम बस पकडून बघायला गेले. रस्त्याच्या धुळीत, गाड्यांच्या भोंग्यांत उभी राहून मी माझं वाक्य वाचलं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती. आयुष्यभर काचेच्या आत लिहिलेलं पहिल्यांदा रस्त्यावर आलं होतं.

पंधरा दिवसांनी निखिल दुपारी माझ्या खोलीच्या दारात उभा. तोंड उतरलेलं. म्हणाला, काकू, भिंतीखाली झाडणाऱ्या एक बाई आहेत, त्या म्हणतात माझा टाका चुकलाय. कोपऱ्यातला तिरपा दुसऱ्या बाजूला पाहिजे. मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत, तर म्हणाल्या, असली कुठंय ते दाखव. हे ऐकून मी त्याच्याकडून भिंतीचा फोटो मागवून पाहिला आणि कपाळावर हात मारला. निखिलने संगणकावर एकच टाका करून सगळीकडे डकवला होता. रंग बदलला, दिशा तीच राहिली. माझ्या लेबलात दिशा लिहिलेली असून त्याच्या लक्षात आली नव्हती आणि भिंत बघून माझ्याही आली नव्हती. त्या बाईच्या आली. ती खाली फाटकाशी थांबली होती.

सोमली तिचं नाव. पन्नाशीची, काटक, अंगात सफाई कामगारांचं नारिंगी जाकीट, खाली साधी साडी, हातावर हिरव्या गोंदणाचे ठिपके. यादगिरीने तिला तिकीट मागितलं नाही, यासाठी मी त्याची अजून ऋणी आहे. ती आत आली आणि आधी लंबाडी पुतळ्यापुढे थांबली. सरोजम्माच्या चेहऱ्याकडे तिने दोनदा खालून वर बघितलं, मग मला सांगितलं की ही आमच्यातली नाही. मग ती चुंबळीच्या काचेकडे गेली आणि तिथेच थांबली. काचेला नाक लावलेलं, श्वासाने काच धुरकट होत होती, ती पदराने पुसायची आणि पुन्हा नाक लावायची. शेवटी ती कोपऱ्यावर बोट ठेवून हसली आणि म्हणाली, धर्मी.

पुढचं तिने तेलुगूत, दख्खनीत आणि मधूनमधून तिच्या बोलीत सांगितलं. चुंबळ तिनेच भरलेली. लग्नात न्यायचं भरतकाम त्यांच्याकडे मुलीने स्वतः करायचं. धर्मी तिची धाकटी बहीण, दहा वर्षांची, डावरी. तिला पण भरायचं होतं, हट्ट धरून बसली. चांगला लाल दोरा पोरीच्या हातात द्यायला आई तयार नव्हती, म्हणून उरलेला हिरवा दिला आणि एक कोपरा दिला. डाव्या हाताने भरलं की टाका उलटा तिरपा पडतो, दुसरं काही नाही. आईने बघितलं आणि म्हणाली, बिघडवलंस की गं, उसव ते. सोमली म्हणाली, उसवते उद्या. असं उद्या-उद्या करत राहिली, कारण धर्मी रोज येऊन आपला कोपरा बघायची. त्याच पावसाळ्यात धर्मी तापाने गेली. मग उसवायचं कुणी बोललं नाही.

निखिल खाली मान घालून उभा होता. माझी नजर लेबलावर गेली आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. दृष्ट लागू नये म्हणून कारागिराने मुद्दाम ठेवलेला दोष. तीस वर्षं मी शहराला हे सांगत होते. एका पोरीचा डावा हात होता तो, आणि मी त्याला दोष म्हटलं होतं, वर त्याला शास्त्र जोडलं होतं.

मग सोमलीने विचारलं, इथे कोणी आणली? मी म्हणू शकले असते की ऑफिसने. आमच्याकडे सगळं ऑफिसच करतं. पण तिने इतकं सरळ विचारलं होतं की मी म्हणाले, मी आणली, नायकाने दिली. ती म्हणाली, तो माझा सासरा. ती पाणी घेऊन परत आली तेव्हा पेटी उघडी होती. चार दिवस जेवली नाही, म्हणून सासूने मारलं, एवढं तिने अगदी सहज सांगितलं. मला ती बायकांची रांग आठवली. जीपला जागा द्यायला बाजूला झालेल्या बायकांत ही होती आणि हिची बहीण माझ्या मांडीवर होती. मी हात केला होता.

मी माफी मागितली. तिने ती घेतली की नाही, कळलं नाही. ती काचेकडे बघत होती आणि मग अगदी हळू, शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी तशा आवाजात, तिने मागितलं.

"मेडम, बाकी सब तुम रखो. इत्ता कोना काट के देओ."

वस्तू कापायची. माझ्या तेहतीस वर्षांत याहून भयंकर मागणी कुणी केली नव्हती. आम्ही वस्तूला उघड्या हाताने शिवत नाही, तिच्यावर दिवा किती वेळ पडावा हे मोजतो. आणि तरी मला तिच्या मागण्यात काही चूक सापडेना. आख्खी चुंबळ तिची असून ती तळहाताएवढी मागत होती. बहिणीचा फोटो नाही, कपडा नाही, काही नाही, जगात धर्मीचं एवढंच उरलं होतं आणि ते माझ्या कुलपात होतं. मी म्हणाले, मला अधिकार नाही. ती म्हणाली, हौ, आणि गेली. परत कामावर जायचं होतं तिला.

चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मग संचालकांकडे गेले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, कापायचं तर सोडाच, वस्तू परत द्यायची म्हटली तरी समिती, मग वरची समिती, आणि बाई तीच कशावरून, पुरावा काय? मी म्हणाले, साहेब, टाक्याची दिशा. ते हसले. म्हणाले, तीन महिन्यांत रिटायर होताय, सुखाने जा.

तेव्हा जे माझ्या हातात होतं ते केलं, म्हणजे लेबल बदललं. रजिस्टरात जमातीच्या रकान्याच्या बाजूला समासात लाल शाईने दोन नावं लिहिली. नवं लेबल असं होतं: "सणाची चुंबळ. भरतकाम सोमली, लग्नापूर्वी. डावा कोपरा तिची धाकटी बहीण धर्मी, वय दहा, हिने डाव्या हाताने भरला. आधीच्या लेबलातील माहिती चुकीची होती." शेवटच्या वाक्यावर संचालकांनी नाक मुरडलं, पण सही केली. निखिलनेही भिंतीला परांची लावून कोपरा खरवडला आणि पुन्हा रंगवला. उजव्या हाताने तिरपा साधेना म्हणून शेवटी ब्रश डाव्या हातात घेतला, दोन रविवार गेले त्याचे. माझं वाक्य पुसून तेलुगूत दोन्ही बहिणींची नावं लिहिली.

मी सोमलीला बोलावून लेबल वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही. तिने ऐकलं, आपलं नाव ऐकून लाजली, धर्मीचं नाव मला पुन्हा वाचायला लावलं. अच्छा लिखा, म्हणाली. आणि मग विचारलं, कोन्याचं काय? तेव्हा मला कळलं की ते लेबल मी माझ्यासाठी लिहिलं होतं. चूक केली होती लेबलात, दुरुस्त केली लेबलात, आणि हिचं जे गेलं होतं ते होतं तिथेच होतं.

रिटायर व्हायला आठ दिवस उरले असताना यादगिरी काच पुसताना म्हणाला, मेडम, कवड्या सैल झाल्यात. खरंच झाल्या होत्या, दोरा जुना. आणि आमच्या नियमात एक कलम आहे की वस्तूच्या दुरुस्तीसाठी त्या कामातला बाहेरचा कारागीर बोलावता येतो. मी टिपण लिहिलं, संचालकांनी सही केली आणि फाटकावर पास तयार झाला. पासावर नाव: सोमली. व्यवसाय: कारागीर. हे वाचून दाखवल्यावर ती हसायला लागली. म्हणाली, जाकिटावर तर दुसरंच लिहिलंय.

दुरुस्तीच्या खोलीत मोठं टेबल, त्यावर पांढरं कापड, सुया, दोरे आणि कात्री. मी तिला नियमाप्रमाणे पांढरे हातमोजे दिले. एक घातला, सुई धरता येईना, काढून ठेवला. मी रागवायला हवं होतं, रागावले नाही. तिने चुंबळ पालथी केली. मागे अस्तर होतं, आणल्यावर मीच शिवलेलं, कापडाला आधार म्हणून. तिने विचारलं, उसवू? मी हो म्हटलं. अस्तर निघालं आणि खाली उलटी बाजू दिसली. सोमलीच्या बाजूला गाठी कुठे दिसतही नव्हत्या, इतक्या बारीक. कोपऱ्यात मात्र लठ्ठ लठ्ठ हिरव्या गाठी, एकेका टाक्याला दोन-दोन, लहान मूल सुटू नये म्हणून मारतं तशा. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्यावर अस्तर घातलं होतं आणि मग पुन्हा कधी बघितलं नव्हतं. सोमली एकेक गाठ अंगठ्याने दाबून बघत होती. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक मोजत होती.

मी म्हणाले, मी चहा सांगून येते.

आता कबूल करते. बाहेरच्या माणसाला वस्तूपाशी एकटं सोडायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. यावरून मी हाताखालच्या लोकांना रडवलं आहे. आणि मी उठले, टेबलावरची कात्री तिच्या हाताशी आहे हे नीट बघितलं, आणि खोलीबाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

व्हरांड्यात यादगिरी चहाचे कप घेऊन आधीच उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि कप कठड्यावर ठेवून दिले. मी मनातल्या मनात नोंद तयार करत होते: डावा कोपरा कसरीने खाल्ल्याचे आढळले, दुरुस्तीत काढून टाकला. दहा शब्दसुद्धा नाहीत. नोकरीतलं माझं शेवटचं लेखन आणि ते धडधडीत खोटं असणार होतं. पण तीस वर्षं खोटं लिहिलं ते नकळत. हे निदान जाणूनबुजून आणि कुणाच्यातरी उपयोगाचं असेल, अशी मी मनाची समजूत घालत होते. पेन्शन डोळ्यांपुढे दिसत होती. तरी मी आत गेले नाही. यादगिरी एवढंच म्हणाला की चाय ठंडी होरी मेडम.

बऱ्याच वेळाने मी दार उघडलं. सोमली खुर्चीत ताठ बसली होती. कवड्या सगळ्या पक्क्या झाल्या होत्या, अस्तर होतं तसं परत शिवलेलं, माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने. चुंबळ टेबलावर सुलटी पसरलेली होती आणि कोपरा जागच्या जागी होता. पहिल्यांदा मला हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

मी तिच्याजवळ बसले. विचारलं, का नाही घेतलास? मी मुद्दाम बाहेर गेले होते.

मालूम है, म्हणाली. मग तिने हात लांब करून लाल भरतकामावर, जिथे तिचे टाके संपतात आणि हिरवे सुरू होतात तिथे, बोट ठेवलं.

"काट के लेके गई तो उने अकेली पड जाती. इधर मेरे बाजू में है."

एवढं बोलून तिने कात्री उचलली आणि मूठ माझ्याकडे करून माझ्या हातात दिली. मी तेव्हा रडले, ते लपवत नाही. तिने माझ्या पाठीवर हात फिरवला. चहा गार झाला होता, तो आम्ही तिघांनी व्हरांड्यात उभ्याने प्यायला. मग तिला दुपारच्या पाळीला जायचं होतं म्हणून ती जाकीट घालून निघाली. यादगिरीने तिला सांगून ठेवलं की कधीही ये, तिकीट नाही. ती येते, महिन्यातून एकदा, आणि मीही आता तिच्याबरोबर जाते.

ती गेल्यावर मी दुरुस्तीच्या रजिस्टरात नोंद केली. सैल कवड्या शिवल्या, अस्तर पुन्हा शिवले, वस्तू पूर्ण. तिथे थांबायला हवं होतं. पण आठ दिवसांत रिटायर होणार होते, कोण काय करणार होतं माझं? म्हणून लाल शाईचं पेन काढलं आणि खाली लिहिलं: दोघी बहिणी एकत्र आहेत, वेगळ्या करू नयेत.